जुन्या बेस गिटारचे पडदे उजळताना

गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यात, आलापल्लीहून साधारण साठ किलोमीटर आत, जंगलाच्या कुशीत हेमलकसा हे गाव आहे. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी येथे लोक बिरादरी प्रकल्पाचा प्रारंभ केला आणि पुढे डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या कार्यामुळे हे नाव महाराष्ट्रभर परिचित झाले. येथून जवळच इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा संगम आहे. पावसाळ्यात या नद्या फुगल्या की रस्ते बंद पडतात. २०१९च्या पावसाळ्यात तर पुरामुळे भामरागडचा संपर्क वारंवार तुटला होता. अशा हवेत चार महिने पेटीत बंद राहिलेली गिटार दसऱ्याच्या सुमारास बाहेर काढली, तर सर्वप्रथम नजरेत भरते ते तिच्या मानेवरील धातूच्या आडव्या पट्ट्यांचे बदललेले रूप. आषाढापूर्वी चंदेरी दिसणाऱ्या त्या पट्ट्या काळवंडलेल्या असतात आणि लाकडाला टेकतात तेथे हिरवट पूड जमलेली असते.

गिटारवादक या पट्ट्यांना ‘फ्रेट’ म्हणतात. सतारीच्या परिभाषेत त्याच ‘पडदे’ होत. मुंबई-पुण्यात वाद्य दुकानात नेऊन देणे हा सोपा उपाय असतो. हेमलकशापासून नागपूर तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. जंगलपट्टीतच नव्हे, तर कोकणात किंवा एखाद्या तालुक्याच्या गावीही गिटार दुरुस्त करणारा कारागीर सहसा भेटत नाही. साहजिकच वाद्याचा धनी स्वतःच हातात पॉलिश कागद घेतो. नेमका येथेच घोटाळा होतो. पडद्यांवरील काळेपणा हा रोग आहे असे समजून तो निपटून काढण्याच्या भरात पडदाच घासला जातो. डाग अर्ध्या तासात जातो खरा; परंतु त्याबरोबर गेलेला धातू पुन्हा भरून काढता येत नाही.

हा धातू कोणता, हे आधी पाहणे इष्ट ठरेल. बहुतेक गिटारींचे पडदे ‘जर्मन सिल्व्हर’चे असतात. नावात चांदी असली तरी या मिश्रधातूत चांदीचा अंशही नसतो. त्यात तांबे सुमारे ६० ते ६५ टक्के, निकेल १८ टक्क्यांच्या आसपास आणि उर्वरित भाग मुख्यतः जस्ताचा असतो. चीनमध्ये पूर्वापार वापरात असलेल्या एका पांढऱ्या मिश्रधातूची नक्कल एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत साधली गेली, म्हणून हे नाव पडले. निकेलमुळे रंग चांदीसारखा दिसतो आणि धातूला कठीणपणा येतो. मात्र त्याचा मूळ पिंड तांब्याचाच राहतो. दमट हवा, हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि बोटांच्या घामातील मीठ यांचा तांब्याशी संयोग झाला की काळपट आणि हिरवट क्षार तयार होतात. पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात ठेवलेले ताक कळकते, ती क्रिया याच जातीची. भांडे कळकल्याने फुटत नाही, तसा पडदाही काळा पडल्याने झिजत नाही. त्यावरचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावा इतका पातळ असतो. खुद्द पडद्याची उंची मात्र लाकडाच्या वर जेमतेम एक ते दीड मिलिमीटर असते. सारा व्यवहार या दीड मिलिमीटरच्या भांडवलावर चालतो, आणि जुन्या वाद्यात त्यातील काही भाग आधीच खर्ची पडलेला असतो.

बेस गिटारच्या बाबतीत पडद्यांना एक ऐतिहासिक महत्त्वही आहे. वाद्यवृंदात खर्जाचा आधार देण्याचे काम पूर्वी डबल बेस हे उभे, माणसाहून उंच वाद्य करी. त्याला पडदे नसतात. सूर नेमका कोठे आहे हे व्हायोलिनप्रमाणेच बोटाला आणि कानाला ठाऊक असावे लागते. अमेरिकेतील सिएटल येथील पॉल टुटमार्क यांनी १९३०च्या दशकात पडदे असलेला, आडवा धरून वाजविण्याचा विजेचा बेस बनविला होता. पण तो फारसा पसरला नाही. १९५१मध्ये कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी जो बेस बाजारात आणला त्याचे नावच ‘प्रिसिजन बेस’ असे होते. प्रिसिजन म्हणजे अचूकता, आणि ती अचूकता पडद्यांतून आली होती. वीस पडदे, चौतीस इंच लांबीच्या चार तारा, आणि गिटार वाजविणाऱ्या कोणालाही पहिल्याच दिवशी योग्य सुरावर बोट ठेवता येईल अशी सोय. या वाद्याने पुढील दोन दशकांत जगभरच्या नृत्यसंगीताचा पाया बदलला. मुंबईच्या चित्रपट संगीतातही बेस गिटार स्थिरावली. राहुलदेव बर्मन यांच्या वादकमेळाव्यातील टोनी वाझ यांचे नाव जाणकार आजही आदराने घेतात. गाणे ऐकताना बेसकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. तो थांबला तर मात्र गाण्याखालची जमीन सरकल्यासारखे वाटते.

पडद्यांचा जाच वाटून ते काढून टाकणारेही झाले. अमेरिकी बेसवादक जॅको पास्टोरियस याने आपल्या १९६२च्या फेंडर जॅझ बेसचे पडदे स्वतः उपटून काढले आणि खाचा भरून वर इपॉक्सीचा थर दिला, असे तो सांगत असे. त्याच्या हाती त्या वाद्याने इतिहास घडविला. पण सर्वांनी हा प्रयोग करून पाहावा असे नाही.

आपल्याकडे पडद्यांचे शास्त्र जुने आहे आणि त्याचे माहेरघर मिरज होय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिरजेत फरीदसाहेब यांनी तंतुवाद्ये बनविण्यास प्रारंभ केला. त्यांचे घराणे मूळचे शस्त्रांचे काम करणाऱ्या शिकलगारांचे. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार आणि झळाळी देणारा. हा शब्दच मुळी ‘घासून चमकविणे’ या अर्थाच्या अरबी धातूवरून आला आहे. इंग्रजी अमलात तलवारींची मागणी ओसरली आणि धातूला झळाळी देणारे हात सतारीच्या पडद्यांकडे आणि तंबोऱ्याच्या भोपळ्यांकडे वळले. मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा यांना २०२४मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

सतारीचा पडदा आणि गिटारचा पडदा यांत एक मूलभूत फरक आहे. सतारीचे साधारण वीस पडदे कमानदार असतात आणि ते दांडीला दोऱ्याने बांधलेले असतात. रागाप्रमाणे ते सरकविता येतात. काळे पडले तर दोरा सोडून पडदा हातात घेता येतो, घासूनपुसून पुन्हा बांधता येतो. अगदीच झिजला तर नवा बांधता येतो; दांडीला त्याचा उपद्रव होत नाही. गिटारचा पडदा असा सुटा नसतो. त्याच्या खालच्या बाजूस एक दातेरी जिभळी असते आणि ती लाकडातील अरुंद खाचेत ठोकून घट्ट बसविलेली असते. तो काढायचा तर तापवून, चिमट्याने, लाकडाचा टवका उडणार नाही अशा बेताने उचलावा लागतो. प्रत्येक वेळी खाच थोडी सैल होते. म्हणूनच मिरजेच्या कारागिराला जी मोकळीक आहे ती गिटारवाल्याला नाही. त्याला लाकडात रुतलेला धातू लाकडाला धक्का न लावता, आणि धातूही न गमावता, स्वच्छ करायचा असतो.

म्हणून पहिले काम घासण्याचे नव्हे, पाहण्याचे आहे. दिवसाच्या उजेडात, खिडकीशी बसून, शक्य तर भिंग घेऊन प्रत्येक पडदा तपासावा. तार थोडी बाजूला सारून अंगठ्याचे नख पडद्याच्या माथ्यावरून अलगद फिरवावे. नख सरळ घसरत गेले तर पडदा शाबूत आहे, त्याला केवळ साफसफाई हवी. नख तारेच्या जागी अडखळले तर तेथे खाच पडली आहे. ती पॉलिशने जाणारी नाही. तिसरी शक्यता अशी, की खाच नाही, परंतु पडद्याचा गोलसर माथा चपटा झाला आहे. अशा पडद्यावर तार एका रेषेत टेकण्याऐवजी पसरट टेकते. आवाजाची धार बोथट होते आणि वरच्या पट्टीतील सूर किंचित चढे लागतात. हे दोन्ही दोष घासून लपविण्याचा प्रयत्न केला तर वाढतात.

बेसच्या पडद्यांना खाचा पडण्याचे मुख्य कारण त्याच्या तारा. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत बेसच्या तारांवरील वेटोळे चपट्या पट्टीचे असे आणि स्पर्श गुळगुळीत लागे. १९६६च्या सुमारास इंग्लंडच्या रोटोसाऊंड कंपनीने ‘द हू’ या चमूतील जॉन एंटविसल यांच्या सहकार्याने गोल वेटोळ्यांच्या पोलादी तारा आणल्या. पियानोसारखा खणखणीत आवाज देणाऱ्या या तारा लवकरच सर्वत्र रूढ झाल्या. पण गोल वेटोळ्यांची पोलादी तार म्हणजे एक बारीक कानसच. ती जर्मन सिल्व्हरवर वर्षानुवर्षे दाबली आणि सरकविली गेली की खाच पडणारच. याउलट डेट्रॉइटच्या मोटाउन ध्वनिमुद्रणांत वाजविणारे जेम्स जेमर्सन चपट्या वेटोळ्यांच्या तारा लावीत आणि त्या तुटेपर्यंत बदलत नसत, अशी त्यांची ख्याती होती. मळलेल्या तारांचा तो दबका आवाजच त्यांची ओळख ठरला. तेव्हा जुन्या बेसचे पडदे वाचवायचे असतील तर सर्वांत परिणामकारक उपाय पॉलिशच्या डबीत नाही. चपट्या वेटोळ्यांच्या तारा लावाव्यात.

आता प्रत्यक्ष सफाई. तारा प्रथम सैल कराव्यात. बेसच्या चार तारांचा एकत्रित ताण सत्तर-ऐंशी किलोंच्या घरात असतो. तो एकदम सोडू नये. चारही तारा आळीपाळीने, थोड्याथोड्या उतरवाव्यात. सर्व तारा काढल्या तर मान कायमची वाकते, असा एक समज प्रचलित आहे. मानेच्या पोटातील पोलादी सळई उलट्या बाजूने ताण देत असते, त्यामुळे तारा काढल्यावर मान किंचित मागे झुकते हे खरे. पण काही तासांत तिला इजा होत नाही. आठवडाभर तशीच ठेवू नये, इतकेच.

त्यानंतर सर्वाधिक दुर्लक्षित परंतु अनिवार्य पायरी येते. तारांखाली असलेले पिकअप म्हणजे लोहचुंबकावर गुंडाळलेल्या तांब्याच्या तारेची वेटोळी. ते कागदाने झाकून कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. स्टील वूल वापरले तर त्यातून निघणारे केसासारखे लोखंडी कण थेट चुंबकाकडे ओढले जातात आणि तेथून ते निघत नाहीत. पावसाळी हवेत त्यांना गंज चढतो. कित्येक जुन्या वाद्यांतील खरखर आणि मुके झालेले पिकअप यांचे मूळ अशा एखाद्या हौशी सफाईत सापडते. त्यामुळे स्टील वूल वापरूच नये, असे म्हणणारा कारागिरांचा एक पंथ आहे. हेमलकशासारख्या ठिकाणी, जेथे बिघडलेला पिकअप बदलून मिळणार नाही, त्या पंथाचे ऐकावे.

पडद्यांमधील लाकडावर रंगाऱ्यांची कागदी चिकटपट्टी लावावी, जेणेकरून फक्त धातू उघडा राहील. पट्टी आधी एकदा सुती कापडावर चिकटवून काढावी. तिचा चिकटपणा कमी होतो आणि लाकडावरील जुने लाखेसारखे आवरण तिच्याबरोबर उचलले जात नाही. मेपलच्या फिकट लाकडाच्या, वार्निश दिलेल्या मानेवर ही खबरदारी विशेष महत्त्वाची आहे. वीस पडद्यांसाठी पट्ट्या लावण्यास अर्धा-पाऊण तास लागतो. घाईच्या माणसाने हे काम दुसऱ्यास द्यावे.

हिरवी पूड आधी कोरड्या, मऊ टूथब्रशने झाडून काढावी. ओलसर बोटांनी पसरवू नये. तिच्यात तांब्याचे क्षार असतात, म्हणून नंतर हात धुवावेत. मग किंचित दमट कापडाने पुसून लगेच कोरड्या कापडाने पुसावे. आश्चर्य असे, की निम्म्या वाद्यांचे काम येथेच संपते. ज्याला झीज समजले जात होते तो घाम, मेण आणि धूळ यांचा थर निघतो आणि खालचा पडदा ठीकठाक असतो.

उरलेल्या काळेपणासाठी अतिशय बारीक पॉलिश कागद पुरतो. कागदावरील आकडा जितका मोठा तितके कण बारीक. केवळ डाग काढायचा असेल तर १५००पासून आरंभ करून २००० किंवा त्याहून बारीक कागदावर संपवावे. ४०० किंवा ६०० क्रमांकाचा कागद हा सफाईचा नव्हे, धातू उतरविण्याचा कागद आहे. तो कारागिराच्या हाती शोभतो. कागद बोटाने दाबून पडद्याच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे मानेला आडवा फिरवावा. त्याचे कारण असे, की कागदाचे बारीक ओरखडे ज्या दिशेने राहतात त्या दिशेने तार सहज सरकते. एका पडद्यावर आठ-दहा फेऱ्या, सर्व पडद्यांवर सारखाच दाब. पहिले पाच पडदे सर्वाधिक मळलेले असतात, म्हणून त्यांच्यावर जोर काढण्याचा मोह होतो. तोच टाळायचा असतो, कारण एक पडदा शेजाऱ्यापेक्षा केसभर जरी खाली गेला, तरी त्यावर दाबलेली तार पुढच्या पडद्याला लागून झणझणू लागते. घराघरांत असणारी भांड्यांची तारेची घासणी येथे कोणत्याही कारणाने आणू नये.

चिंच, लिंबू, रांगोळी, राख आणि तांब्या-पितळेची भांडी घासण्याच्या पुडी यांचा उल्लेख येथे करावाच लागेल, कारण मराठी घरात धातू काळा पडला की हात आपोआप त्यांच्याकडे जातो. देवघरातील समईसाठी ही साधने उत्तम आहेत. आम्लाने तांब्याचे क्षार विरघळतात हे शास्त्रही बरोबर आहे. पण समई नंतर भरपूर पाण्याने धुतली जाते. गिटारची मान धुता येत नाही. पडदा आणि लाकूड यांच्या सांध्यात राहिलेले आम्ल ओल धरून ठेवते आणि पुढच्या पावसाळ्यात हिरवेपणा दुपटीने परततो. द्रवरूप धातुपॉलिशचा प्रश्न वेगळा. त्यातील पांढरी पूड लाकडाच्या छिद्रांत जाऊन बसली की निघत नाही, आणि काळसर लाकडावर तिचे ठिपके कायमचे दिसतात. ते वापरायचेच असेल तर कापडाच्या टोकाला थेंबभर घेऊन, चिकटपट्टी घट्ट बसली आहे याची खात्री करून, शेवटच्या हातासाठी वापरावे.

खरे पाहता ही शेवटची आरशासारखी झळाळी बेस गिटारला कितपत लागते, हाच प्रश्न आहे. साध्या गिटारवर एकल वादक तार आडवी ताणून सूर चढवितो. तेथे पडद्याचा खरखरीतपणा बोटाला तत्काळ जाणवतो. बेसच्या जाड तारा अशा क्वचितच ताणल्या जातात. बेसवादक एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, आणि त्यासाठी पडदा गुळगुळीत असला की पुरे. त्यात चेहरा दिसण्याची आवश्यकता नसते. झळाळीचा मोठा भाग डोळ्यांच्या समाधानासाठी असतो. त्यात गैर काही नाही. मात्र त्यासाठी दरवर्षी थोडा थोडा धातू खर्च करावा का, हे धन्याने ठरवावे. वर्षातून चारदा कोरड्या कापडाने पुसलेला, किंचित मंद दिसणारा पडदा दरसाल चमकविलेल्या पडद्यापेक्षा कितीतरी अधिक टिकतो.

पडद्यांखालील काळसर लाकूड बहुधा शिसवाचे असते, आणि येथे विषय पुन्हा जंगलाकडे वळतो. फेंडर कंपनीने १९५९च्या सुमारास मेपलऐवजी शिसवी पट्टीचा वापर सुरू केला. प्रारंभी हे लाकूड ब्राझीलचे असे. पुढे भारतीय शिसव जगभरच्या गिटारींत गेले. डालबर्जिया लॅटिफोलिया हा वृक्ष दक्षिणेतील डोंगरांप्रमाणेच मध्य भारताच्या पानझडी जंगलातही, सागवानाच्या सोबतीने आढळतो. त्याचा व्यापार इतका वाढला की २ जानेवारी २०१७पासून वन्यजीव व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराखाली या संपूर्ण प्रजातीसमूहावर निर्बंध आले. वादक आपली गिटार घेऊन सीमा ओलांडण्यास बिचकू लागले. २६ नोव्हेंबर २०१९पासून तयार वाद्यांना बहुतांशी सूट मिळाली. लाकडासाठीचे निर्बंध मात्र कायम आहेत. जुन्या बेसवरील शिसवी पट्टी सहज बदलता येईल अशी वस्तू राहिलेली नाही, हे ध्यानात असावे.

चिकटपट्टी काढल्यावर ही शिसवी पट्टी कोरडी, भुरकट दिसते. तिला तेल लावण्याची पद्धत आहे आणि येथेही स्वयंपाकघर जवळ पडते. खोबरेल व शेंगदाणा तेल वर्ज्य. ती लाकडात खवट होतात. विदर्भात जवसाचे पीक परंपरेने घेतले जाते आणि जवसाचे तेल लाकूडकामास जुने आहे. ते हवेत सुकून पातळ आवरण धरते, म्हणून चालते. परंतु थेंब-दोन थेंबच, आणि दहा मिनिटांत पुसून टाकलेले. जास्त झाले तर पट्टी महिनाभर चिकचिकते. या तेलात भिजलेली चिंधी चुरगाळून टाकू नये. ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. पसरून वाळत घालावी. गिटारसाठी मिळणारे खनिज तेल हा अधिक निर्धोक पर्याय. वार्निश दिलेल्या मेपलला यांपैकी काहीच लावू नये.

पावसाळा ही झाली अर्धी गोष्ट. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपलीकडे जातो आणि हवेतील ओल नाहीशी होते. दमट ऋतूत फुगलेले लाकूड आता आकसते. धातू आकसत नाही. त्यामुळे पडद्यांची टोके मानेच्या कडेबाहेर केसभर डोकावू लागतात. बोट फिरविले की करवतीचे दाते लागावेत तसे लागतात. किनारपट्टीवरील वादकाला हा अनुभव सहसा येत नाही. विदर्भात तो दर उन्हाळ्यात येतो. पुन्हा कानस घेण्याचा मोह होतो. पण आधी वाद्य आठ-दहा दिवस पेटीत, ओलसर स्पंज ठेवलेल्या छिद्रे पाडलेल्या डबीसह, ठेवून पाहावे. लाकडाने ओल घेतली की टोके बरीचशी आत जातात. त्यानंतरही जी बोचतात तेवढीच बारीक कागदाने गोलसर करावीत.

झाडीपट्टीच्या रंगभूमीवर हे ऋतुचक्र आणखी कठोर असते. भाताची कापणी झाली की चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात रात्ररात्र नाटके चालतात. वडसा हे त्यांचे केंद्र. गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३मध्ये मिळालेल्या पद्मश्रीमुळे या रंगभूमीकडे शहरी महाराष्ट्राचे लक्ष गेले. येथे संगीत प्रत्यक्ष वाजविले जाते. उघड्या मंडपात पहाटेचे दव तारांवर आणि पडद्यांवर उतरते, आणि वाद्य तसेच पेटीत कोंबून वादक पुढच्या गावाला निघतो. वरोऱ्याजवळील आनंदवनातून गावोगावी कार्यक्रम करीत फिरणाऱ्या ‘स्वरानंदवन’सारख्या वाद्यवृंदांनाही प्रवास आणि हवा यांचा असाच सामना करावा लागतो. अशा वाद्यासाठी पेटीतील एक जुने, धुतलेले सुती कापड साऱ्या पॉलिशांहून मोलाचे. वाजवून झाल्यावर तारांच्या वरून आणि खालून ते एकदा फिरवावे. दोन मिनिटे लागतात. पेटी बंद करण्यापूर्वी दव वाळू द्यावे. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या ओल धरून निकामी झाल्या की बदलाव्यात. मात्र दिवाळीनंतर त्या आठवणीने काढाव्यात. त्या तशाच राहिल्या तर उन्हाळ्याचे काम त्या हिवाळ्यातच करू लागतात.

नख अडखळलेले पडदे तेवढे शिल्लक राहतात. खाच उथळ असेल तर कुशल कारागीर सर्व पडदे एका पातळीत उतरवून त्यांचे माथे पुन्हा गोल करतो. हे काम एका पडद्यापुरते करता येत नाही. सर्वांत खोल खाचेच्या तळापर्यंत सगळ्यांनाच उतरावे लागते, आणि एखाद्या वाद्याच्या आयुष्यात ते दोन-तीनदाच शक्य असते. बाराव्या पडद्यापुढचे पडदे बेसवर क्वचितच झिजतात, म्हणून काही कारागीर पहिले पाच-सहा पडदेच नवे बसवितात आणि बाकीचे मूळचे राखतात. संग्रहमूल्य असलेल्या वाद्यासाठी हा मार्ग अधिक समंजस. त्यासाठी नागपूर किंवा मुंबई गाठावी लागली तरी हरकत नाही. तोपर्यंत पुलाच्या बाजूने तारा किंचित उंच करून घेतल्या की झणझण बहुधा थांबते, आणि हंगाम निभावून जातो.